रॉकेलच्या डब्याचा वायसर आणि ध्रुवावरची कादंबरी

सांगलीच्या एका तरुण लेखकांनी मला प्रश्न विचारला आहे. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर मराठीत कादंबरी लिहिण्याचे त्यांच्या मनात आहे. काळ १९१२च्या आसपासचा, नायक सातारा जिल्ह्यातला, आणि शेवटाकडे बर्फाखाली काहीतरी अमानवी सापडते, असा त्यांचा आराखडा आहे. इतिहास जास्त घेतला तर कादंबरीचे पाठ्यपुस्तक होते आणि कल्पना जास्त घेतली तर वाचकाचा विश्वास उडतो, तेव्हा प्रमाण कसे ठरवावे, अशी त्यांची अडचण आहे. हवामान निरीक्षक म्हणून मी अंटार्क्टिकातल्या मैत्री स्थानकावर एक संपूर्ण हिवाळा काढला, आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात राहून ध्रुवीय मोहिमांच्या रोजनिशा आणि त्या प्रदेशावर लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम करत आलो. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

माझे मत थोडक्यात असे की वजन, इंधन, अन्न, अंतर आणि प्रकाश या पाच बाबतींत वस्तुस्थितीपासून तसूभरही ढळू नये, आणि माणसांच्या बाबतीत जिथे कागद गप्प आहेत तिथे निर्धास्तपणे कल्पना करावी. बहुतेक लेखक नेमके उलटे करतात. स्कॉट आणि शॅकल्टन या ब्रिटिश ध्रुवप्रवाशांविषयी छापून आलेले सगळे इमानाने उतरवतात आणि स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवर, किती किलो सामान होते याचा हिशेब मात्र वाऱ्यावर सोडतात. मग राक्षस कितीही भयंकर असला तरी कादंबरी लटकी वाटू लागते, कारण तो येण्यापूर्वी माणसे काय खात होती आणि पाणी कसे मिळवत होती, हे वाचकाला कुठे दिसलेलेच नसते.

इंधनापासून सुरुवात करतो, कारण मराठी लेखकाला हा विषय घरातूनच ठाऊक आहे. आपल्या आई-आजीच्या स्वयंपाकघरात जो पितळी प्रायमस स्टोव्ह होता, तोच स्टोव्ह नान्सेन आणि अमुंडसेन या नॉर्वेजियन प्रवाशांच्या आणि स्कॉटच्या तंबूत होता. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, भोक बुजले की पिन फिरवायची, हे सगळे तसेच. माझी आई त्या पंपाच्या दांड्यावरचा चामड्याचा वायसर दर काही दिवसांनी काढून त्याला गोडेतेल लावत असे, कारण वायसर वाळला की तो आक्रसतो, हवा धरत नाही आणि कितीही पंप मारला तरी ज्योत लागत नाही. हे ज्याने लहानपणी पाहिले आहे, त्याला दक्षिण ध्रुव गाठून परतताना सोबत्यांसह मेलेल्या स्कॉटच्या शोकांतिकेतला एक महत्त्वाचा दुवा समजावून सांगावा लागत नाही.

स्कॉटच्या तुकडीने जाताना वाटेवर ठिकठिकाणी अन्न आणि रॉकेल पुरून ठेवले होते. त्या डब्यांच्या बुचांखाली चामड्याचे वायसर होते. कडाक्याच्या थंडीत ते आक्रसले आणि डबे न फुटता, न उघडता आतले रॉकेल हळूहळू उडून गेले. १९१२च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये परतणारी माणसे एकेका साठ्यावर पोहोचत गेली तेव्हा अपेक्षेपेक्षा रॉकेल कमी भरत गेले. अमुंडसेनने वायव्य मार्गाच्या, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून जाणाऱ्या समुद्रवाटेच्या, आपल्या आधीच्या सफरीत रॉकेल असे निसटते हे पाहून ठेवले होते, म्हणून त्याने दक्षिणेला जाताना डब्यांची तोंडे डाख देऊन बंद करून घेतली.

रॉकेल कमी पडले म्हणजे ऊब कमी पडली, एवढाच अर्थ वाचक घेतो. प्रत्यक्षात तहान आधी येते. ध्रुवावर पाणी नसते, फक्त बर्फ असतो. उणे ४० अंशांचा एक किलो बर्फ शून्यापर्यंत आणायला साधारण २० किलोकॅलरी लागतात आणि तो वितळवायला आणखी ८०, म्हणजे नुसते गार पाणी हाती येईपर्यंत १०० किलोकॅलरी खर्च होतात. तेच पाणी पुढे उकळायलाही बरोबर तेवढीच उष्णता लागते. दिवसभर स्लेज ओढून घामाघूम झालेल्या माणसाला चार-पाच लिटर पाणी हवे असेल, तर पेलाभर रॉकेलाची तूट त्याच्या घशापर्यंत कशी पोहोचते हे या आकड्यांतून दिसते. आपल्या कादंबरीतल्या एखाद्या पात्राने डबा हलवून पाहावा आणि आतला आवाज ऐकून गप्प बसावे. त्या एका प्रसंगाने जे साधेल ते दहा पाने हिमवादळाचे वर्णन करून साधणार नाही.

वजनाचा हिशेब असाच निर्दय असतो. ध्रुवाभोवतीच्या उंच पठारावर स्कॉटच्या माणसांना रोज दरडोई सुमारे ४५० ग्रॅम बिस्किटे, ३४० ग्रॅम पेमिकन, ८५ ग्रॅम साखर, ५५ ग्रॅमच्या आसपास लोणी आणि थोडा कोको व चहा, एवढा शिधा होता. पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेले मांस आणि चरबी यांचे मिश्रण. साडेचार हजार कॅलरींच्या आसपास जाणारा हा शिधा ऐकायला भरपूर वाटतो, पण स्वतःच्या बळावर स्लेज ओढणाऱ्या माणसाचा खर्च त्याहून बराच जास्त असतो, त्यामुळे ती माणसे जेवूनसुद्धा रोज थोडी थोडी उपाशी राहत होती. त्यात भर म्हणजे सगळी आखणी चौघांच्या तुकडीची असताना जानेवारी १९१२च्या आरंभी स्कॉटने पाचवा माणूस सोबत घेतला. तो बॉवर्स. काही दिवस आधीच त्याच्या स्की मागे ठेवण्यात आल्या होत्या, म्हणून बाकीचे चौघे स्कीवर आणि हा पायी, असा तो ध्रुवापर्यंत गेला. पाच जणांचा स्वयंपाक करायला वेळ आणि इंधन दोन्ही जास्त लागते, अशी नोंद स्कॉटने स्वतःच करून ठेवली आहे. एका माणसावरच्या विश्वासापोटी घेतलेला निर्णय आणि त्याची किंमत रोज संध्याकाळी चुलीपाशी दिसत राहणे, याहून कादंबरीकाराला आणखी काय हवे?

बर्फ म्हणजे घसरण, ही समजूतही काढून टाकावी. घसरपट्टीखाली घर्षणाने पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि त्यावरून स्लेज सरकते. तापमान फार खाली गेले की तो थर तयारच होत नाही आणि बर्फाचे कण वाळूसारखे कचकचतात. मार्च १९१२मध्ये परतीच्या वाटेवर हेच झाले. नदीच्या कोरड्या पात्रातल्या वाळूतून भरलेली बैलगाडी ओढल्यासारखे ते ओढणे होते. वाटेत दोघे गेल्यावर १९ मार्चला उरलेल्या तिघांनी शेवटचा तंबू ठोकला तेव्हा एक टन सामानाचा मोठा साठा अवघ्या २० किलोमीटरवर होता. स्कॉटच्या रोजनिशीतली शेवटची नोंद २९ मार्चची आहे.

आता प्रकाशाविषयी. ध्रुवीय रात्र म्हणजे सहा महिने काळाकुट्ट अंधार, असे जवळजवळ प्रत्येक कथेत लिहिलेले असते आणि आपल्या आराखड्यातही तेच आहे. सहा महिन्यांची रात्र फक्त ध्रुवबिंदूवर असते. मैत्री स्थानक साधारण ७१ अक्षांशावर, शिरमाखर नावाच्या खडकाळ भागात आहे. तिथे सूर्य मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मावळतो तो जुलैच्या त्याच सुमारास पुन्हा दिसतो, आणि त्या दोन महिन्यांतही भर दुपारी काही वेळ चांगला संधिप्रकाश असतो, कारण सूर्य क्षितिजाच्या खाली पाच अंशसुद्धा गेलेला नसतो. मला आठवते, जूनमध्ये दुपारी निरीक्षणाला बाहेर पडलो की उत्तरेकडे क्षितिजावर केशरी पट्टा दिसे, त्यावर फिकट हिरवा आणि वर गडद निळा. तो पट्टा तासाभरात विझे. आम्ही पंचवीसएक माणसे काही ना काही निमित्त काढून त्या वेळी बाहेर येत असू, आणि कोणी कोणाशी फारसे बोलत नसे. संपूर्ण अंधाराची माणसाला सवय होते, पण रोज दुपारी सूर्य येतो आहे असे वाटून तो न येणे जास्त जड जाते. आपल्या पात्रांच्या मनावर काय परिणाम होतो हे लिहिताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

या प्रकाशाची सर्वांत विलक्षण कल्पना एका मराठी माणसाने केली आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या इंग्रजी ग्रंथात वेदांतल्या उषासूक्तांचा अर्थ ध्रुवीय पहाटेच्या आधारे लावला. उषा अनेकवचनी का, पहिली झळाळी आणि सूर्योदय यांच्यामध्ये पुष्कळ दिवस का जातात, तैत्तिरीय संहितेत तीस बहिणींचा उल्लेख का येतो, असे प्रश्न विचारून त्यांनी तीस दिवसांची पहाट मांडली, आणि ती पहाट क्षितिजाभोवती चाकासारखी फिरते हेही सांगितले. त्यांचा मूळ सिद्धांत आज इतिहासकार मानत नाहीत आणि मीही मानत नाही. परंतु ध्रुवावर सूर्योदयापूर्वीची झळाळी खरोखरच क्षितिजाला प्रदक्षिणा घालते. ज्या माणसाने ध्रुवप्रदेश कधी पाहिला नाही त्याने पुण्यात बसून, ग्रंथ आणि गणित यांच्या जोरावर, ती पहाट इतकी अचूक पाहिली याचे मला आजही नवल वाटते. मराठीत ध्रुवावर लिहिणाऱ्याने आपली परंपरा युरोपातूनच सुरू होते असे समजण्याचे कारण नाही.

युरोपातल्या कल्पित साहित्याकडे वळले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. नकाशा कोरा होता तोवर लेखकांनी तो आपल्या इच्छेने भरला. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली आली. ती सुरू होते उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या वॉल्टन नावाच्या तरुण कप्तानाच्या पत्रांनी, आणि ध्रुवावर हिम नसून सतत प्रकाश असलेला रम्य देश आहे अशी त्याची खात्री असते. त्याच वर्षी ब्रिटिश नौदलाने उत्तरेकडे प्रत्यक्ष मोहिमा पाठवल्या होत्या आणि त्यांतल्या एका जहाजाचा कप्तान होता जॉन फ्रँकलिन, ज्याचा पुढे त्याच प्रदेशात अंत झाला. ज्यूल व्हर्न, ज्याला भा. रा. भागवतांनी आपल्या घराघरांत पोहोचवले, त्याच्या कप्तान हॅटेरसच्या कादंबरीत ध्रुवाभोवती मोकळा समुद्र आहे आणि बरोबर ध्रुवावर धगधगता ज्वालामुखी. मोकळ्या ध्रुवीय समुद्राची कल्पना त्या काळी भूगोलतज्ज्ञांनाही पटत होती, म्हणून व्हर्नने ती घेतली यात त्याची चूक नव्हती. मात्र आज ती कादंबरी टिकून आहे ती ज्वालामुखीमुळे नव्हे. वेडा झालेला हॅटेरस इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या बागेत रोज एकाच दिशेने, उत्तरेकडेच, चालत राहतो, त्या शेवटच्या चित्रामुळे ती टिकली आहे.

त्या समुद्राविषयी खरी कल्पनाशक्ती दाखवली ती नान्सेनने, आणि तिचा उगम एका मेणकापडी पायजम्यात होता. १८८१ साली ‘जीनेट’ नावाचे जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्यावरच्या खलाशाच्या नावाचा पायजमा आणि इतर वस्तू ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ बर्फावर सापडल्या. म्हणजे समुद्रबर्फच त्या वस्तूंना ध्रुवाच्या बाजूने वाहून घेऊन आला होता. नान्सेनने विचार केला, की मग जहाजच मुद्दाम बर्फात अडकवून घेतले तर? त्याने ‘फ्राम’ हे गोल बुडाचे जहाज बांधून घेतले, जेणेकरून बर्फाने दाबले की ते चिरडण्याऐवजी वर उचलले जाईल. १८९३ साली ते बर्फात शिरले आणि १८९६ साली सुखरूप बाहेर पडले. एखादी क्षुद्र वस्तू हातात घेऊन तिच्यामागचा सारा समुद्र डोळ्यांसमोर आणण्याची ही पद्धत कादंबरीकाराने उचलावी, असे मला मनापासून वाटते.

आपल्या कादंबरीत अमानवी काय असावे, हा प्रश्न यानंतर येतो. शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती १९१६च्या मे महिन्यात साउथ जॉर्जिया बेटाचे हिमाच्छादित डोंगर छत्तीस तास सलग चालून पार करत होते. आपण तिघे नसून चौघे आहोत असे आपल्याला पुन्हा पुन्हा वाटत होते, असे त्याने नंतर लिहिले, आणि सोबत्यांनाही तसेच वाटले होते. यावर त्याने फार विस्तार केला नाही. टी. एस. एलियटने पुढे १९२२च्या आपल्या दीर्घकवितेत तो अनुभव घेतला आणि चौथ्याचा तिसरा केला. आपल्या गोष्टीत बर्फाखालचे जे काही आहे, ते इतक्याच कमी शब्दांत यावे. थकवा, भूक आणि पांढऱ्या एकसुरीपणामुळे माणसाला जे दिसते आणि जे खरोखरच समोर आहे, यांतली सीमा पात्रालाच कळू नये.

मैत्रीवर हिमवादळात एका इमारतीतून दुसरीकडे जायला दोर बांधलेला असे. एकदा मी दोराला एक हात लावून उभा असताना दुसऱ्या हाताचा मोजा काढून नोंद लिहायला गेलो, वाऱ्याने मोजा उडाला, आणि तो घ्यायला मी नकळत दोर सोडून दोन पावले पुढे गेलो. मागे वळलो तर दोर दिसेना. तो माझ्यापासून फार तर दीड मीटरवर असेल. तिथे उभे असताना मला साताऱ्यातल्या घराच्या दाराची कडी वाजल्याचा स्वच्छ आवाज आला. हात पसरून, पाय न उचलता मी चाचपडत राहिलो आणि दोर सापडला. दोन बोटांची कातडी गेली, एवढ्यावर निभावले. कडीचा तो आवाज मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

जिथे कागद गप्प आहेत तिथे कल्पना करावी असे मी वर म्हटले. फ्रँकलिनची दोन जहाजे ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ १८४५ साली कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्राकडे निघाली आणि त्यांवरची १२९ माणसे परत आली नाहीत. १८५४ साली जॉन रे या प्रवाशाने तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांकडून ऐकून सांगितले, की ती माणसे उपासमारीने मेली आणि अखेरीस त्यांनी मृतांचे मांस खाल्ले. इंग्लंडमध्ये गहजब झाला, चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकाने ‘रानटी’ माणसांची साक्ष म्हणून ती धुडकावली. पुढे हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी इनुइटांचे म्हणणे खरे ठरवले. २०१४ साली ‘एरेबस’चे अवशेष सापडले ते इनुइटांच्या तोंडी परंपरेने सांगितलेल्या भागातच, आणि २०१६ साली ‘टेरर’ सापडले ते एका इनुइट माणसाच्या सांगण्यावरून. दीडशे वर्षे उत्तर उपलब्ध होते, ऐकणारे नव्हते. या मोहिमेवर जगभर कितीतरी कादंबऱ्या झाल्या, पण गोष्ट इनुइट घरातून सांगणाऱ्या फार थोड्या. लेखकाने आपला निवेदक निवडण्यापूर्वी याचा विचार करावा.

हाच न्याय आपल्या नायकाला लावतो. स्कॉटच्या मोहिमेच्या किनाऱ्यावरील तुकडीत इंग्रज होते, एक नॉर्वेजियन होता, कुत्र्यांसाठी आणि घोड्यांसाठी रशियातून आलेले दोघे होते, भारतीय नव्हता. तेव्हा साताऱ्याच्या माणसाला त्या शेवटच्या तंबूत बसवणे मला योग्य वाटत नाही. पण भारत त्या मोहिमेत होता. ध्रुवापर्यंत गेलेल्या पाचांपैकी कॅप्टन ओट्स मोहिमेत दाखल होण्यापूर्वी मध्य भारतात महूच्या छावणीत होता आणि बॉवर्सने हिंदुस्थानच्या सागरी दलात नोकरी केली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्कॉटने हिमालयातली खेचरे मागवली होती. भारतातून तयार करून पाठवलेली सात खेचरे १९१२च्या आरंभी अंटार्क्टिकावर उतरली, तेव्हा स्कॉट ध्रुवाकडे गेलेला होता. लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब ही त्यांची नावे. हिवाळा सरल्यावर स्कॉटचा शोध घ्यायला जी तुकडी निघाली, तिच्या स्लेज या खेचरांनी ओढल्या, आणि १२ नोव्हेंबर १९१२ रोजी बर्फात अर्धवट बुडालेला तो तंबू सापडला तेव्हा ती तिथे होती.

त्या उजाड बर्फावर गोऱ्या माणसांच्या तोंडून ‘प्यारी’ आणि ‘गुलाब’ अशा हाका उठत होत्या. ही नावे त्यांना कोणी ठेवली? त्यांच्या पाठीवर पहिला हात कोणी फिरवला, त्यांना ओझ्याची आणि लगामाची सवय कोणी लावली? मी वाचलेल्या रोजनिशांत त्या माणसांची नावे येत नाहीत. सातारा ही पलटणीत जाणाऱ्यांची भूमी आहे. खेचरांच्या तांड्यावर काम केलेला माण-खटावचा एखादा माणूस तिथे कल्पिणे अजिबात ओढूनताणून वाटणार नाही. त्याला बंदरावर खेचरे जहाजात चढवून मागे राहू द्यावे, किंवा धाडस असेल तर जहाजात लपवून पुढे न्यावे. पुढे नेलेत तर मात्र त्याचा शिधा, त्याचे कपडे, त्याच्या वाटचे रॉकेल हे सारे हिशेबात धरावे लागेल, कारण जहाजावर आणि स्लेजवर फुकट काहीच जात नाही.

बर्फाखाली काय सापडावे याविषयी एक सूचना करतो. स्कॉटच्या तंबूशेजारच्या स्लेजवर सुमारे १६ किलो दगड होते. उपासमारीतही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांतल्या काहींवर ग्लॉसोप्टेरिस या नष्ट झालेल्या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. त्याच वनस्पतीचे ठसे आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांतही मिळतात, आणि ज्या प्राचीन खंडाचा हा पुरावा, त्याला नाव मिळाले ते मध्य भारतातल्या गोंडवनावरून. दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर, मेलेल्या माणसांच्या सामानात, आपल्याच भूमीचे पान. आपल्या नायकाने ते ओळखण्याचे कारण नाही, पण विदर्भात खाणीवर काम केलेला एखादा गडी त्याला लहानपणी भेटलेला असू शकतो, ज्याच्या खिशात तसलाच एक दगड होता.

लिहिण्यापूर्वी दोन कामे करावीत. पहिले, एक साधी वही घेऊन पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत स्लेजवरचे वजन, चाललेले अंतर, उरलेला शिधा आणि उरलेले रॉकेल यांचे रकाने भरावेत, आणि कथानक त्या रकान्यांशी भांडू लागले तर कथानक बदलावे. दुसरे म्हणजे थंडी अंगावर घ्यावी. वेण्णा तलावाकाठी पहाटे गोठलेले दव पाहणे सुंदर असते, पण त्याने हे काम होणार नाही, आणि तासगावकडचे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेजही त्यासाठी उबदारच आहे. ओळखीने आइस्क्रीमच्या एखाद्या कारखान्यातल्या उणे २० अंशांच्या खोलीत, दाराबाहेर माणूस उभा ठेवून, दहा मिनिटे जावे. सोबत बॉलपेन, पेन्सिल, एक बिस्किट आणि सुतळी न्यावी. मोजा काढून सुतळीची गाठ मारावी आणि सोडवावी. बॉलपेनची शाई अडखळू लागली की स्कॉटने आपली रोजनिशी पेन्सिलीने का लिहिली ते कळेल. मग पेन्सिलीने, तिथेच उभे राहून, कादंबरीचे पहिले वाक्य लिहावे.